मुलाचा रक्तगट आई-वडिलांशी जुळत नाही, असे का?

रक्तगटाचा रिपोर्ट हातात पडला की आमच्या काउंटरवर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, “आईचा ए, वडिलांचा बी, मग बाळाचा ओ कसा? नमुन्यांची अदलाबदल तर झाली नाही ना?” शंका रास्त आहे. खात्री हवी असेल तर नवा नमुना घेऊन तपासणी पुन्हा करता येते. पण ए आणि बीच्या पोटी ओ येणे आनुवंशिकतेच्या नियमात पूर्ण बसते.

रूपे तीन, वाट्याला दोन

हा गट ठरवणारे जनुक नवव्या गुणसूत्रावर असते. त्याची मुख्य रूपे तीन: ए, बी आणि ओ. जनुकाच्या अशा पर्यायी रूपांना युग्मविकल्प किंवा अलील म्हणतात. दोनपेक्षा जास्त रूपे असतील तर ते बहुविध अलीलांचे उदाहरण. एकाच माणसाकडे मात्र दोनच असतात, एक आईकडून आलेले आणि एक वडिलांकडून. तिनांच्या जोड्या होतात सहा: एए, एओ, बीबी, बीओ, एबी, ओओ. रिपोर्टमध्ये गट दिसतात चारच, कारण एए असो वा एओ, आम्ही ‘ए’च लिहितो, बीचेही तसेच. रिपोर्टवरून गट कळतो, जोडी कळत नाही. घरातले बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

शास्त्रज्ञ कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तातले हे फरक 1901 मध्ये मांडले, पण त्यामागे एकाच जनुकाची तीन रूपे आहेत हे बर्नस्टाइन या गणितज्ञाने 1924 च्या सुमारास आकडेमोडीतून दाखवले.

एबीमध्ये कोण वरचढ?

कोणीच नाही. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर ‘एच’ नावाची शर्करेची छोटी साखळी असते. ए अलीलापासून बनणारे एन्झाइम तिच्या टोकाला एक विशिष्ट शर्करा जोडते, बीचे एन्झाइम दुसरी. ओच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात जनुकातले एक अक्षर गळालेले असते. त्यामुळे पुढचा मजकूर बिघडतो आणि कामाचे एन्झाइम तयारच होत नाही. एओ माणसात एक अलील काम करते, दुसरे करत नाही, म्हणून ए दिसतो. एबी माणसात दोन्ही एन्झाइमे कामाला असतात आणि प्रत्येक पेशीवर दोन्ही खुणा उमटतात. हीच सहप्रभाविता.

दहावी-बारावीची मुले इथे एक गल्लत करतात. तांबड्या आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून गुलाबी फूल येते ती अपूर्ण प्रभाविता. तिथे मधलाच रंग तयार होतो. एबी हा ए आणि बीच्या मधला गट नव्हे, दोन्ही आपापल्या जागी पूर्ण असतात.

आता मूळ प्रश्न. आई एओ आणि वडील बीओ असतील तर मूल एबी, ए, बी किंवा ओ होऊ शकते, प्रत्येकाची शक्यता 25 टक्के. हा हिशेब प्रत्येक गरोदरपणात नव्याने लागू होतो. पहिले मूल ओ झाले म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही.

नियमात न बसणारे मेळही आहेत. दोघे ओ असतील तर मूल ओच अपेक्षित. एक एबी आणि दुसरा ओ असेल तर मूल ए किंवा बी. एबीही नाही, ओही नाही.

यालाही अपवाद आहेत. क्वचित ए आणि बी या दोन्ही खुणा घडवणारे एकच अलील आढळते, मग एबी आणि ओ यांचे मूल एबी होऊ शकते. दुसरा अपवाद बॉम्बे रक्तगटाचा. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 मध्ये मुंबईत त्याची नोंद केली. यात एच साखळी घडवणाऱ्या, एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात. साखळीच नाही, तर ए किंवा बीची शर्करा जोडणार कशाला? नेहमीच्या तपासणीत हा माणूस ओ दिसतो, पण त्याच्याकडे ए किंवा बी अलील असू शकते आणि ते मुलांत प्रकट होते. त्याला साधे ओ रक्त देणे धोक्याचे असते, कारण त्याच्या रक्तात एचविरोधी प्रतिपिंडे (अँटीबॉडी, म्हणजे परक्या खुणांवर हल्ला करणारी प्रथिने) असतात. म्हणून रक्तद्रव ओ पेशींशीही ताडून पाहणे गरजेचे ठरते.

आरएचचा, म्हणजे गटापुढच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा, विषय वेगळा. ते जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे. दोघे पॉझिटिव्ह असूनही मूल निगेटिव्ह होऊ शकते.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रिपोर्टवरही सहप्रभाविता दिसते. वाहक (एकच अलील सदोष असलेल्या) व्यक्तीच्या हिमोग्लोबिन तपासणीत नेहमीच्या हिमोग्लोबिनचा ए (हा रक्तगटाचा ए नव्हे) आणि सदोष हिमोग्लोबिनचा एस असे दोन्ही पट्टे उमटतात. आजार मात्र सहसा दोन्ही अलील सदोष असतील तरच होतो. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. अशा वेळी गरोदरपणाआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

रक्तगटावरून पितृत्व सिद्ध होत नाही. तो निष्कर्ष आमच्या रिपोर्टवरून कोणी काढू नये; त्यासाठी डीएनए तपासणी असते.

नवजात बाळाच्या रक्तात स्वतःची ए-बीविरोधी प्रतिपिंडे नसतात, ती काही महिन्यांनी तयार होतात. त्यामुळे जन्मानंतर लगेच केलेला गट फक्त पेशींवरून ठरतो आणि पुढे एकदा पडताळून घ्यावा लागतो. पडताळणीला येताना बाळाचा जुना रिपोर्ट सोबत आणा.