आधी घराचा कागद, मग आश्रमाचा

आईवडिलांसाठी ज्येष्ठ निवास शोधायला निघालेली कोल्हापुरातली बहुतेक कुटुंबं आधी जेवण, स्वच्छता आणि दवाखाना किती लांब हे बघतात. अनामत किती, हे नंतर विचारलं जातं आणि गाडी तिथंच अडते. कारण अनामत उभी राहायची असते ती घर विकून किंवा भाड्यानं देऊन, आणि घर कधीच मुलांच्या नावावर चढलेलं असतं. म्हणून या विषयाचा अलीकडचा इतिहास आश्रमांपेक्षा बक्षीसपत्रांचाच अधिक आहे.

फार मागं जाण्यात हशील नाही. पुण्यात १८६०च्या दशकात निराधार आणि अपंगांसाठी एक आश्रयस्थान उभं राहिलं. कोल्हापूर संस्थानात १९०१पासून एकामागून एक बोर्डिंगं निघाली आणि त्यांचं नाव अजूनही निघतं. पण ती शिकणाऱ्या पोरांसाठी होती. म्हातारं माणूस घरातच असणार, हे गृहीत होतं. कायद्यानंही तेच धरलं. १९५६चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आणि १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १२५ यांमुळं आईवडिलांना पोटगी मागता आली, पण ती कोर्टात, पोटच्या पोराविरुद्ध, तारखा घेत. किती जण त्या वाटेला जाणार? १९९९मध्ये केंद्रानं ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय धोरण आणलं. त्यातून कुणाच्या पदरात लगेच काही पडलं नाही, तरी विषय सरकारी कागदावर आला.

खरा फरक पडला तो २००७च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्यानं. महाराष्ट्रात तो २००९पासून लागू आहे आणि नियम २०१०चे. अर्ज प्रांत ऑफिसात करायचा, वकिलाची गरज नाही, निकाल साधारण ९० दिवसांत. निर्वाहाची कमाल रक्कम महिना १०,००० रुपये. ब्युरोची चोवीस तासांची बाई आज या पैशांत मिळत नाही, हे ज्यांच्या घरी अंथरुणावरचं माणूस आहे त्यांना सांगायला नको. ही मर्यादा काढून टाकणारं विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत आलं, समितीकडं गेलं आणि २०२४मध्ये लोकसभेबरोबर संपलं. याच कायद्याच्या कलम १९मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असं एक तरी वृद्धाश्रम राज्य सरकार उभारू शकेल, असं म्हटलं आहे. ‘उभारील’ असं म्हटलेलं नाही. बहुतेक भार संस्था-ट्रस्टांवर राहिला, तो असा.

आता कलम २३. हयातीत दिलेली मिळकत ज्येष्ठांना परत मागता येते ती या कलमाखाली. ज्येष्ठानं ‘माझा सांभाळ करायचा’ या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीनं किंवा दबावाखाली झालं असं धरून रद्द करता येतं. वाचायला सरळ आहे. भानगड ‘अटीवर’ या शब्दात आहे. अट दस्तात लिहिलेली हवी, की आईनं पोराला घर दिलं यातच ती आली?

हा प्रश्न आपल्याकडं जास्त टोचायला एक स्थानिक कारण आहे. २०१५मध्ये राज्यानं राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलगा-मुलगी, नातवंडं यांना बक्षीस देताना लागणारं मुद्रांक शुल्क २०० रुपयांवर आणलं. वर अधिभार आणि नोंदणीचा खर्च असतो, तरी खरेदीखताच्या मानानं काहीच नाही. हेतू चांगला होता; भावाभावांतली भांडणं वडिलांच्या डोळ्यांसमोर मिटावीत. पण दस्त लिहिणाऱ्यांकडं मजकूर ठरलेला: ‘प्रेम व आपुलकीपोटी, विनामोबदला, कोणाच्याही दबावाशिवाय’. त्यात सांभाळाची अट कोण घालणार? वडिलांनी घालायची म्हटली तर मुलाला वाटणार, आपल्यावर भरवसा नाही. सुनेसमोर तर नकोच. मृत्युपत्र केलं असतं तर घर शेवटपर्यंत हातात राहिलं असतं आणि ते बदलताही आलं असतं. पण मृत्युपत्रावर पुढं वाद होतात ही भीती, आणि २०० रुपयांचा मोह. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या वडिलोपार्जित घरांपासून राजारामपुरीतल्या स्वकष्टाच्या बंगल्यांपर्यंत हा तिढा सारखाच.

डिसेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठानं कलम काटेकोर वाचलं. जवळच्या माणसांना मिळकत देताना सांभाळाची अपेक्षा असतेच असं नाही. अट होती हे दाखवावं लागेल, नुसतं गृहीत धरता येणार नाही. ठरलेल्या मजकुराचे दस्त यामुळं एका फटक्यात अडचणीत आले. २ जानेवारी २०२५ला दोन न्यायमूर्तींच्याच दुसऱ्या पीठासमोर मध्य प्रदेशातल्या एका आईचं प्रकरण आलं. बक्षीसपत्रात तशी स्पष्ट अट नव्हती, पण मुलाकडून सांभाळाचं वेगळं वचनपत्र घेतल्याचं तिचं म्हणणं होतं. हा कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे, तेव्हा तो त्यांच्या बाजूनं उदारपणे वाचायचा, असं सांगून न्यायालयानं बक्षीसपत्र रद्द ठरवलं आणि न्यायाधिकरण, म्हणजे हे अर्ज ऐकणारे प्रांत, घराचा ताबाही परत देववू शकतं हे स्पष्ट केलं.

दुसऱ्या निकालानं पहिला मोडलेला नाही. त्यामुळं वकील आपापल्या अशिलाप्रमाणं हवा तो निकाल पुढं करतात. प्रस्तुत लेखकाला २०२५चं वाचन पटतं, कारण म्हातारी आई पोराकडून अट लिहून घेत नाही हे या समाजात राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. पण पटणं वेगळं आणि भरवसा ठेवणं वेगळं. ज्यांचं बक्षीसपत्र अजून व्हायचं आहे त्यांनी ‘देणार यांचा तहहयात सांभाळ करणे व त्यांना सदर घरात राहू देणे या अटीवर’ एवढी ओळ घालून घ्यावी. शुल्कात त्यानं फरक पडत नाही. दुसरी बाजूही आहे. २०२०च्या एका निकालानुसार, सासूसासऱ्यांच्या अर्जावर सुनेला घराबाहेर काढताना कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा तिचा राहण्याचा हक्क डावलता येत नाही. प्रांताच्या निकालावर अपील जिल्हाधिकाऱ्यांकडं आणि पुढं उच्च न्यायालयात. ते ऑगस्ट २०२५पर्यंत मुंबईला होतं. आता सर्किट बेंचमुळं गावात आलं आहे.

घराचा प्रश्न सुटला की निवड उरते. कोल्हापूरकरासमोर ढोबळमानानं दोन वाटा असतात: जवळपासचे ट्रस्टचे आश्रम, किंवा २०००च्या आगेमागे पुण्याच्या परिसरात सुरू झालेल्या ज्येष्ठांच्या वसाहती. पहिल्यात महिन्याचा खर्च आणि थोडी अनामत; दुसऱ्यात फ्लॅट विकत किंवा मोठी ठेव भरून तहहयात राहण्याचा करार. ट्रस्टला एक करसवलतही आहे: २०१८पासून, प्राप्तिकर खात्याकडं धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेनं साठीच्या पुढच्या माणसाकडून राहण्याजेवणासह महिना २५,०००पर्यंत घेतले तर त्यावर जीएसटी नाही. वसाहतींसाठी केंद्रानं २०१९मध्ये आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२४मध्ये राज्याच्या गृहनिर्माण नियामकानं ‘ज्येष्ठांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना किमान निकष घालून दिले. एका मजल्याच्या वर इमारत असेल तर लिफ्ट, चाकाची खुर्ची जाईल अशी ९०० मिलिमीटरची दारं, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, न घसरणाऱ्या फरश्या, बाथरूममध्ये धरायला दांड्या.

कराराच्या दोन कलमांवर मात्र नियमांपेक्षा विचारणाच कामाला येते. ठेव कुणाला, किती दिवसांत आणि किती कापून परत मिळणार. आणि माणूस अंथरुणाला खिळलं तर काय. स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच ठेवून घेणारी ठिकाणं पुष्कळ आहेत, आणि ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून सही करणारा भाचा-पुतण्या तेव्हा रात्री-अपरात्री हजर व्हावा लागतो. मुलगा पुण्यात किंवा त्याहून लांब असेल तर ही सही नात्यातल्या कुणाच्या तरी गळ्यात पडते. त्याला आधी विचारलेलं बरं.

जागेचं म्हणाल, तर २००५, २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या शहरात पूररेषा विचारायची लाज वाटू नये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. नंतरच्या दोन्ही पुरांत ती ५५ फुटांच्या वर गेली. शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्काचा खालचा भाग, व्हीनस कॉर्नर पाण्यात होते. धडधाकट माणसाला बोटीतून काढता येतं. ऑक्सिजनवरच्या माणसाचं तसं नसतं, आणि पुराच्या दिवसांत वीज आणि नळाचं पाणी दोन्ही जातात. तळमजला म्हाताऱ्यांना सोयीचा म्हणून बरेच जण तोच मागतात. नदीकडच्या भागात त्याच तळमजल्यात पाणी शिरतं.

नियामकाचे निकष विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना लागतात. ट्रस्टच्या आश्रमातल्या खोल्या विकल्या जात नाहीत, म्हणून त्या या नियमांच्या बाहेर राहिल्या. तिथं दार किती रुंद आहे, दांड्या बसवल्या आहेत का आणि बाथरूमचं दार बाहेर उघडतं का, हे टेप घेऊन आपणच बघायचं.