कर्नेल क्रॅश डंप

सावरता न येणारी चूक आढळल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमचे कर्नेल (तिचा गाभा) स्वतःहून काम थांबवते (पॅनिक), त्या क्षणी मुख्य मेमरीत जे काही होते त्याची जतन केलेली प्रत. पडद्यावरच्या संदेशातून कर्नेल कुठे कोसळले एवढे कळते. मेमरी बिघडवणारी मूळ चूक मात्र पुष्कळदा त्याआधी, दुसऱ्याच एखाद्या ड्रायव्हरमध्ये (उपकरण चालवणाऱ्या कोडमध्ये) घडून गेलेली असते. तिचा माग काढायला ही प्रत लागते.

संज्ञा : ‘कोअर डंप’मधील ‘कोअर’ हा फेराइटच्या बारीक कड्यांच्या चुंबकीय मेमरीवरून आला. ही मेमरी साधारणपणे १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९७० च्या दशकापर्यंत प्रचारात होती. वीज गेली तरी तिच्यातील मजकूर टिकत असे. आजच्या मुख्य मेमरीत, म्हणजे डीरॅममध्ये, तो टिकत नाही, आणि पुढच्या साऱ्या अडचणी येथूनच सुरू होतात. ‘कोअर डंप’ आणि ‘क्रॅश डंप’ हे शब्द अनेकजण एकाच अर्थाने वापरतात. एका प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा) तो कोअर डंप आणि कर्नेलचा तो क्रॅश डंप, हा भेद अधिक सोयीचा असल्याने येथे तोच पाळला आहे.

‘पॅनिक’ हे नाव युनिक्सच्या परंपरेतले. मल्टिक्स या युनिक्सपूर्व ऑपरेटिंग सिस्टिमवर काम केलेले टॉम व्हॅन व्लेक यांच्या आठवणीप्रमाणे, मल्टिक्समधील बराचसा कोड चुकांतून सावरण्यासाठी होता. युनिक्समध्ये तो सारा गाळून त्याजागी पॅनिक हे एकच फंक्शन ठेवल्याचे युनिक्सचे एक निर्माते डेनिस रिची यांनी त्यांना सांगितले. आठवणीवरून काळ काटेकोरपणे ठरवता येत नाही. मात्र युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत (१९७५) हे फंक्शन आहे. ते जेमतेम काही ओळींचे आहे : बफरमधील (मेमरीत तात्पुरता ठेवलेला) मजकूर डिस्कवर उतरवायचा, संदेश छापायचा आणि यंत्र तसेच थांबवून ठेवायचे.

जतन करण्याच्या पद्धती : बीएसडी या युनिक्सच्या शाखेत कोसळणारे कर्नेल मेमरीची प्रत स्वॅपच्या (मेमरी अपुरी पडल्यास वापरायच्या डिस्कवरील) जागेत लिहिते आणि पुन्हा बूट झाल्यावर ‘सेव्हकोअर’ हा प्रोग्राम ती फाइलमध्ये हलवते. बूट होताना स्वॅप वापरात आला तरी डंप पुसला जाऊ नये म्हणून तो स्वॅपच्या शेवटच्या टोकाला लिहितात. विंडोजमध्येही डंप सहसा पेजफाइलमार्गे (तेथील स्वॅपच्या फाइलमार्गे) जातो. या पद्धतींतील दोष उघड आहे. ज्याच्या शुद्धीचा भरवसा नाही त्यानेच पंचनामा लिहायचा, अशी ही स्थिती. डिस्क ड्रायव्हरच बिघडला असेल तर डंप अर्धवट राहतो किंवा चुकीच्या जागी लिहिला जाण्याचा धोका असतो.

लिनक्ससाठी १९९९ च्या सुमारास एसजीआय या कंपनीने एलकेसीडी हे डंप घेण्याचे साधन तयार केले. रेड हॅटने नेटवर्कवरून डंप पाठवणारे नेटडंप पुढे आणले. दोन्ही मूळ कर्नेलमध्ये सामील झाली नाहीत. टिकले ते केडंप. एरिक बीडरमन यांच्या केएक्झेकवर (चालू कर्नेलमधून थेट दुसरे कर्नेल सुरू करण्याच्या सोयीवर) आधारलेले आणि मुख्यतः आयबीएममधील अभियंत्यांनी उभे केलेले केडंप २००५ मध्ये, २.६.१३ या आवृत्तीत आले.

केडंपमध्ये बूट होतानाच ‘क्रॅशकर्नेल’ या पर्यायाने मेमरीचा एक तुकडा राखून ठेवतात आणि दुसरे, छोटे कर्नेल त्यात आधीच चढवून ठेवतात. पॅनिक होताच इतर प्रोसेसर थांबवले जातात आणि फर्मवेअरला (यंत्रातच बसवलेल्या, बूट सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) वळसा घालून ताबा थेट या कर्नेलकडे जातो. फर्मवेअर मधे आले तर मेमरी नव्याने मांडली जाऊन पुरावाच नाहीसा होण्याचा संभव असतो. कोसळण्याच्या वेळी चालू असलेली डीएमए (प्रोसेसरला वगळून उपकरणांनी मेमरीशी थेट केलेली) देवाणघेवाण लगेच थांबतेच असे नाही. कार्डे मेमरीत लिहीतच राहू शकतात. राखीव तुकडा पहिल्या कर्नेलने त्यांना कधीच दिलेला नसतो, म्हणून दुसरे कर्नेल त्यात सुरक्षित राहते. एक्स८६ प्रोसेसरवर मेमरीच्या पहिल्या ६४० केबीची गरज दुसऱ्या कर्नेललाही पडते, तेव्हा तेवढा भाग आधी राखीव जागेत उतरवून घेण्याची सोय केली गेली. जुनी मेमरी मग ‘व्हीएमकोअर’ या नावाने ईएलएफ या फाइल-स्वरूपात वाचता येते. राखीव जागेचा पहिल्या कर्नेलला उपयोग नाही, ही या पद्धतीची किंमत. ती योग्यच म्हणावी लागेल.

शेकडो जीबी मेमरीची पूर्ण प्रत क्वचितच घेतात. ‘मेकडंपफाइल’ हे साधन शून्याने भरलेली, कॅशची, वापरकर्त्यांच्या प्रोग्रामची आणि मोकळी पाने (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) वगळते. वगळण्याच्या ३१ या पातळीवर ही सगळी गळतात. यामुळे आकार घटतो, आणि वापरकर्त्यांचा बराचसा खासगी मजकूरही बाहेर राहतो. तरीही एन्क्रिप्शनच्या गुप्त किल्ल्या कर्नेलच्या स्वतःच्या पानांत असू शकतात, म्हणून असा डंप जपूनच हाताळला पाहिजे.

विश्लेषण : जीडीबी या डीबगरवर (चुका शोधण्याच्या साधनावर) आधारलेला ‘क्रॅश’ हा प्रोग्राम रूढ आहे. त्याला नेमक्या त्याच बांधणीचे (बिल्डचे), डीबग माहितीसह असलेले कर्नेल लागते. बांधणी वेगळी निघाली तर पत्ते आणि नावे जुळत नाहीत. मांडणी चालते की नाही हे पाहायला सिसआरक्यूच्या (कर्नेलला थेट आज्ञा देण्याच्या सोयीच्या) ‘सी’ आज्ञेने यंत्र मुद्दाम कोसळवतात. ही चाचणी न झालेली यंत्रणा ऐन वेळी राखीव मेमरी अपुरी पडल्याने निकामी ठरू शकते.

यंत्र पॅनिक न होता नुसतेच गोठले तर डंप सहसा आपोआप सुरू होत नाही. एनएमआय (प्रोसेसरला दुर्लक्षिता न येणारा हार्डवेअर-संकेत) देऊन पॅनिक घडवावे लागते. आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरवर फर्मवेअरच्या मदतीने डंप घेण्याची स्वतंत्र सोय आहे, आणि आभासी यंत्राची मेमरी यजमान यंत्रावरून बाहेरूनच काढता येते.