‘सांगू नका, दाखवा’ : एका नियमाची पार्श्वभूमी

कथालेखन शिकू पाहणाऱ्याला बहुधा सर्वांत आधी मिळणारा सल्ला म्हणजे ‘सांगू नका, दाखवा’. पात्र संतापले असे लिहू नये, त्याने दार कसे आपटले ते लिहावे, हा त्याचा आशय. आज तो कथेच्या स्वभावधर्मासारखा सांगितला जातो. प्रत्यक्षात तो एका जुन्या वादातील एक पक्ष आहे आणि त्या वादाची सुरुवात नेमकी उलट्या टोकाने झाली.

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या संवादाच्या तिसऱ्या भागात सॉक्रेटिस होमरच्या ‘इलियड’ महाकाव्याचा आरंभीचा प्रसंग घेतो. मुलीला सोडवायला आलेल्या पुजाऱ्याच्या तोंडी होमरने घातलेली भाषणे काढून टाकून तो सारा प्रसंग साध्या निवेदनात सांगून दाखवतो, कारण कवीने दुसऱ्याचे सोंग घेणे त्याला धोक्याचे वाटते. ॲरिस्टॉटलने मात्र होमरची स्तुती केली ती तो स्वतः फार थोडे बोलून पात्रांना पुढे आणतो म्हणून.

अठराव्या शतकातील इंग्रजी कादंबरीत दोन्ही वाटा शेजारी शेजारी नांदल्या. रिचर्डसनची ‘पॅमेला’ (१७४०) मुख्यतः नायिकेच्या पत्रांतून उलगडते, तर फील्डिंगच्या ‘टॉम जोन्स’मध्ये (१७४९) अठराही भागांच्या आरंभी लेखक वाचकाशी खुशाल गप्पा मारतो.

पारडे फिरले ते फ्रान्समध्ये. लेखक कृतीत सर्वत्र असावा पण कुठेही दिसू नये, अशी कादंबरीकार फ्लोबेरची भूमिका होती. त्याच्या ‘मादाम बोव्हारी’मध्ये नायिका एमाचे विचार ‘तिला वाटले’ अशी खूण न करता निवेदनातच मिसळत जातात. १८५६ मध्ये ही कादंबरी मासिकातून क्रमशः आली आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर नीतिभंगाचा खटला उभा राहिला. या स्त्रीला दोषी ठरवू शकेल असे पुस्तकात कोण आहे, असा सरकारी वकिलाचा सवाल होता. फ्लोबेर निर्दोष सुटला. तरी, निवेदक गप्प राहिला की वाचक किती अस्वस्थ होतो, हे त्या वकिलाइतके नेमके क्वचितच कुणाच्या लक्षात आले असेल.

कादंबरीकार हेन्री जेम्सने १९०७ ते १९०९ मध्ये निघालेल्या आपल्या संकलित आवृत्तीच्या प्रस्तावनांत प्रसंग नाट्यरूपाने उभा करण्याचा आणि तो एखाद्या पात्राच्या जाणिवेतून पाहण्याचा आग्रह धरला. या आग्रहाचे नियम झाले ते समीक्षक पर्सी लबकच्या ‘द क्राफ्ट ऑफ फिक्शन’मुळे (१९२१) : गोष्ट दाखवायची वस्तू आहे असे कादंबरीकाराला वाटू लागेपर्यंत कला सुरूच होत नाही, असे त्याने लिहिले. (‘चंद्र चमकतो आहे असे सांगू नका, फुटक्या काचेवरची चमक दाखवा’ हे या संदर्भात रशियन कथाकार चेखोव्हचे म्हणून फिरणारे वाक्य त्या शब्दांत त्याचे नाही; १८८६ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात फुटक्या बाटलीच्या काचेवर चमकणारा प्रकाश आहे, पण तिथे विषय निसर्गवर्णनाचा आहे.)

विरोधही लगेच झाला. निवेदनाचा दृष्टिकोन काटेकोर असण्यापेक्षा लेखकाने सांगितलेले वाचकाने मान्य करणे महत्त्वाचे, असे इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टरने १९२७ मध्ये म्हटले. १९६१ मध्ये अमेरिकी समीक्षक वेन बूथने ‘द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन’मध्ये ‘दाखवणे’ आणि ‘सांगणे’ यांतील भेदच तपासला. कोणता प्रसंग निवडायचा आणि कोणता गाळायचा हे ठरवतानाच लेखक आपले मत सांगून जातो, असे त्याचे म्हणणे होते. ‘अविश्वसनीय निवेदक’, म्हणजे ज्याच्या सांगण्यावर पूर्ण विसंबता येत नाही असा निवेदक, ही संज्ञा त्याच पुस्तकाने रूढ केली. आणि असा निवेदक उभा करायचा तर त्याला भरपूर बोलू द्यावे लागते.