वाकडं तोंड: लुळं की ओढलेलं?

चेहऱ्याचा लकवा होऊन वर्ष उलटलंय, तोंड अजून थोडं वाकडंच आहे आणि नौपाड्यातल्या कुणीतरी सुया टोचून उपचार करणाऱ्या ॲक्युपंक्चरवाल्याचा पत्ता दिलाय. जायला हरकत नाही. त्याआधी आरशासमोर 'ऊ' म्हणा आणि डोळ्याकडे बघा.

ओठांचा चंबू करताना त्या बाजूचा डोळा आपोआप बारीक होतो का? मग स्नायू लुळे नाहीत, नको तिथे नको तेवढं काम करताहेत. चेहऱ्याची नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढत परत येते. येताना काही तंतू भलत्याच स्नायूला जाऊन मिळतात, वाशीची समजून पनवेलच्या गाडीत बसावं तसे. याला सिंकायनेसिस म्हणतात. गाल घट्ट होतो, नाकाशेजारची घडी खोल जाते, तोंड कधी कधी आजारी बाजूलाच ओढलं जातं. मग घरचे चांगली बाजूच लुळी समजून तिलाच तेल चोळत बसतात!

लुळ्या चेहऱ्याचं उलट. घडी पुसली जाते, डोळा मिटत नाही, चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळतो, 'ऊ' म्हटलं तरी त्या बाजूला काही हलत नाही. साध्या बेल्स पाल्सीत, म्हणजे ठोस कारण न सापडता अचानक होणाऱ्या चेहऱ्याच्या लकव्यात, तीन-चार महिन्यांत थोडी तरी हालचाल परततेच. परतली नाही तर 'लोकलच्या दारात वारं लागलं' म्हणून सोडून देऊ नका, कान-नाक-घसा किंवा मेंदूविकारतज्ज्ञाकडून पुन्हा तपासून घ्या. नसेविना स्नायू दीड-दोन वर्षांत वाळत जातात, नस जोडण्याच्या शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. तो काळ नुसत्या सुयांवर घालवणं परवडणारं नाही.

सुयांचा पुरावा सांगताना २०१३ चा, ३३८ रुग्णांचा चिनी अभ्यास पुढे केला जातो. तो लकवा नुकताच झालेल्यांवरचा होता. जुन्या लकव्यावर २०१५ मध्ये कोरियात ३९ जणांना आठ आठवडे सुया दिल्या-न दिल्याची तुलना झाली. सुयांवाल्यांना बरं वाटलं, पण बाकीचे नुसते प्रतीक्षायादीत होते, त्यांना तुलनेसाठी खोट्या सुयाही नव्हत्या. इतक्यावरून वीस सीटिंगचं पॅकेज आगाऊ भरू नये.

ओढलेल्या चेहऱ्याला मुख्य आधार म्हणजे आरशासमोरचे हळू, छोटे व्यायाम, गालाचं मालीश आणि गरज पडल्यास आवळलेला स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन. सुया लावायच्याच असतील तर त्यांना करंट जोडणार का, हे आधी विचारा. बरेच फिजिओ अशा चेहऱ्याला करंट देत नाहीत, सगळे स्नायू एकदम आवळण्याचीच सवय पक्की होईल म्हणून.