शाफ्ट कुठून नेला? जेन्सन एफएफ आणि सिट्रोएन एसएम

आपल्या शेतांत मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर दिसतो. त्यातल्याच फर्ग्युसनचं नाव इंग्लंडच्या एका दुर्मीळ गाडीवर आहे. जेन्सन एफएफ म्हणजे ‘फर्ग्युसन फॉर्म्युला’: हॅरी फर्ग्युसन यांच्या संशोधन कंपनीची, चारही चाकांना ताकद पोचवणारी यंत्रणा. १९६६ ते १९७१ मध्ये अशा फक्त ३२० गाड्या बनल्या.

क्रायस्लरच्या ६.३ लिटर व्ही-८ इंजिनाचा ३७ टक्के जोर पुढच्या चाकांना, ६३ टक्के मागच्यांना. ब्रेकवर विमानांसाठी घडवलेलं डनलॉपचं मॅक्सारेट युनिट, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. चाकं जाम होऊ लागली की त्यांना ताकद नेणाऱ्या शाफ्टचा (फिरत्या दांड्याचा) वेग एकदम पडतो, पण मॅक्सारेटमधलं फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, आपल्याच वेगात फिरत राहतं. या फरकाने स्विच लागतो आणि ब्रेकचा दाब क्षणभर सुटतो. पुढच्या-मागच्या शाफ्टच्या वेगात मर्यादेबाहेर फरक पडू दिला जात नाही, म्हणून चारही चाकांना मिळून एकच युनिट पुरतं. फार देखणी रचना आहे ही.

पण पुढच्या चाकांचा शाफ्ट इंजिनाच्या डावीकडून नेला, तिथेच गाडी अडली. स्टिअरिंग उजवीकडेच ठेवावं लागलं आणि डाव्या स्टिअरिंगची एफएफ कधी बनलीच नाही. मोठे बाजार मात्र डाव्या स्टिअरिंगचे होते. पुढे-मागे ताकद वाटणारी गिअरची पेटी डाव्या बाजूला आत घुसल्यामुळे डावी सीटही उजवीपेक्षा अरुंद आहे.

फ्रान्सच्या सिट्रोएन एसएमने (१९७०–७५, १२,९२० गाड्या) गिअरऐवजी दाबाखालच्या तेलावर, म्हणजे हायड्रॉलिक्सवर, भरवसा ठेवला. सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग सगळं एकाच पंपाच्या दाबावर. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग वळवा आणि सोडा, ते आपोआप सरळ होतं. वेग वाढेल तसं ते जड होत जातं. या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त दोन फेरे.

लोक या हायड्रॉलिक्सला घाबरतात, ते चुकीचं आहे. त्यात हिरवं एलएचएम खनिज तेलच घाला. साधं ब्रेक ऑइल पडलं तर सगळे रबरी सील फुगून वाया जातात. गाडी खड्ड्यात ताठ आपटू लागली तर सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगचं काम करणाऱ्या गोलकांमधला नायट्रोजन वायू कमी झालेला असतो. गोलक बदलले की काम झालं.

खरा धोका एसएमच्या इंजिनात, मासेरातीच्या २.७ लिटर व्ही-६ मध्ये आहे. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या साखळ्या ज्या मधल्या शाफ्टवरून फिरतात, त्यालाच हायड्रॉलिक पंप, अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसरही जोडले. त्या शाफ्टला फिरवणाऱ्या मुख्य साखळीवर सतत हिसके बसतात. साखळी ताणून धरणारा टेन्शनर झिजला, साखळीने एखादा दात सोडला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणून एसएम घेताना इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करायला सांगा आणि साखळीची खडखड ऐका. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बदललेत का, तेही विचारा. मूळचे सोडियम भरलेले पोकळ व्हॉल्व्ह तुटून सिलिंडरमध्ये पडतात. जाणकार मेकॅनिक भरीव दांड्याचे बसवतात.