बेडूकमाशाच्या मेंदूतली न्यूरोपेप्टाइड : शोधामागचा इतिहास

न्यूरोपेप्टाइड म्हणजे चेतापेशी निरोप पोहोचवायला वापरतात ते अमिनो आम्लांच्या साखळीचे छोटे रेणू. त्यांच्या या शोधाची सुरुवात मेंदूपासून नाही, थायरॉइडपासून होते. 1912 साली गुडरनाच यांनी बेडूकमाशांना थायरॉइड खाऊ घातली, तर ते वेळेआधीच चिमुकले बेडूक झाले. 1916 मध्ये अमेरिकेत पी. ई. स्मिथ आणि बेनेट ॲलन यांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, भ्रूणातला पिट्युटरीचा, म्हणजे मेंदूच्या बुडाशी असणाऱ्या ग्रंथीचा, अंकुर काढून टाकला. ती पिल्लं जगली, फिकट चंदेरी पडली, पण बेडूक काही झाली नाहीत. थायरॉइडवर हुकूम पिट्युटरीचा, हे ठरलं. पिट्युटरीवर कोणाचा?

1969 मध्ये उत्तर हाती आल्यासारखं वाटलं. गिमाँ यांनी मेंढ्यांच्या आणि शॅली यांनी डुकरांच्या हायपोथॅलॅमसमधून, म्हणजे पिट्युटरीच्या लगेच वर असलेल्या मेंदूच्या भागातून, टीआरएच हे पिट्युटरीमार्फत थायरॉइडला चालना देणारं पेप्टाइड वेगळं करून त्याची रचना उलगडली. अवघ्या तीन अमिनो आम्लांचा रेणू. गोम अशी की वर्षभर आधीच एटकिन आणि गोना यांनी सस्तन प्राण्यांपासून काढलेला हाच घटक बेडूकमाशांना टोचून पाहिला होता आणि रूपांतरण जराही पुढे सरकलं नव्हतं. पुढे 1977 मध्ये बिबट्या बेडकाच्या चक्क कातडीत टीआरएच विपुल सापडलं. मेंदूतही ते होतंच. बेडकात ते त्वचेचा रंग गडद करणाऱ्या एमएसएच या संप्रेरकाला पिट्युटरीतून बाहेर काढतं, हे नंतर कळलं. पेप्टाइड सापडलं म्हणजे त्याचं काम कळलं, असं मानणाऱ्यांना हा चांगलाच धडा होता.

म्हणून नुसतं प्रमाण मोजून भागेना. कोणत्या पेशीत, तंतू कुठवर आणि कोणत्या वयात, हे पाहावं लागलं. ठरावीक रेणूलाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला चमकता रंग जोडून तो रेणू ऊतीत कुठे आहे हे पाहायची कून्स यांची युक्ती 1940च्या दशकातली. 1970च्या सुमारास स्टर्नबर्गर यांनी रंगाऐवजी पेरॉक्सिडेज हे विकर वापरून ती अधिक संवेदनशील केली. झेनोपस हा आफ्रिकन बेडूक गर्भधारणेच्या चाचणीच्या निमित्ताने आधीच जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचलेला होता, आणि न्यूकूप व फाबर यांनी 1956 मध्ये त्याच्या वाढीचे 66 टप्पे आखून दिले होते. माझ्या मते खरा पाया या कंटाळवाण्या तक्त्याने घातला. ‘छोटा बेडूकमासा’ एवढ्यावर दोन प्रयोगशाळांची निरीक्षणं जुळवता आली नसती. 1990च्या दशकात माद्रिद आणि ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी व्हॅसोटोसिन व मेसोटोसिन ही दोन न्यूरोपेप्टाइडं झेनोपसच्या मेंदूत कधी व कुठे उगवतात, ते टप्प्याटप्प्याने नोंदवलं.

मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र भलत्याच रेणूकडून आलं. 1981 मध्ये व्हेल यांनी मेंढीच्या मेंदूतून 41 अमिनो आम्लांचं सीआरएच ओळखलं. ते ताणाचं संप्रेरक म्हणून गाजलं. त्याच दशकाच्या अखेरीस रॉबर्ट डेन्व्हर यांनी दाखवलं, की उभयचरांत तेच थायरॉइडला चालना देणारं टीएसएच पिट्युटरीतून सोडवतं. 1997 मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या स्पेडफूट बेडकाकडे मोर्चा वळवला. त्याची डबकी लवकर आटतात. पाणी उतरू लागलं की बेडूकमाशाच्या हायपोथॅलॅमसमध्ये सीआरएच वाढतं आणि रूपांतरण घाईने उरकतं. सीआरएचचा परिणाम औषधाने अडवला, तर ही घाई मंदावते.