हिरव्या पाण्यातील मिश्र पीक

बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी-अथणी भागातील शेतकरी लावणीच्या उसात हरभरा घेतो, कारण ऊस वाढून सरी झाकेपर्यंत मधल्या जागेवर पडणारे ऊन त्याला वाया जाऊ द्यायचे नसते. तेलासाठी सूक्ष्म शैवाले, म्हणजे पाण्यात वाढणारे व नुसत्या डोळ्यांना सुटे न दिसणारे शेवाळ, वाढवतानाही हाच विचार उपयोगी पडतो.

हिरवट झालेल्या शेततळ्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर गोल क्लोरेला, एका ओळीत चिकटलेल्या चार पेशींचे आणि टोकांना काटे असलेले सीनेडेस्मस, तसेच सिलिकेच्या नक्षीदार कवचातील डायाटम एकत्र दिसू शकतात. हिरव्या शैवालांतील हरितद्रव्य मुख्यतः निळा व तांबडा प्रकाश शोषते, तर डायाटममधील तपकिरी रंगद्रव्य हिरव्याकडे झुकणारा प्रकाशही वापरते. त्यामुळे योग्य जोडी जमली, तर त्याच तळ्यात अधिक जैवभार, म्हणजे शैवालांचा सुका माल, तयार होऊ शकतो.

खरी अडचण तेलाची आहे. नत्र कमी पडले की अनेक शैवाले तेल साठवतात, पण त्याच वेळी त्यांची वाढ मंदावते. समजा, एका चौरस मीटरवर दिवसाला 20 ग्रॅम जैवभार मिळाला आणि त्यात 20 टक्के तेल असले, तर हाती 4 ग्रॅम तेल येते. उपाशी ठेवलेल्या शैवालात 40 टक्के तेल असूनही जैवभार 8 ग्रॅमच असेल, तर ते 3.2 ग्रॅमच भरते. म्हणून केवळ टक्केवारी पाहून जात निवडणे मला चुकीचे वाटते.

उघड्या तळ्यात रोटिफरसारखे सूक्ष्म प्राणी एकाच जातीची शैवाले थोड्या दिवसांत फस्त करू शकतात; मिश्रणात मात्र काट्यांच्या किंवा मोठ्या समूहांच्या जाती तग धरण्याची शक्यता अधिक असते. तरीही वाटेल ते एकत्र करून भागत नाही, कारण झपाट्याने वाढणारी जात सोबतिणीला झाकून टाकते आणि काही शैवाले इतरांची वाढ रोखणारी द्रव्येही सोडतात.

आपल्या भागात साखर कारखान्यांना जोडलेल्या डिस्टिलरींच्या सांडपाण्याचा विचार साहजिकच मनात येतो. त्यात पोषकद्रव्ये भरपूर असतात, परंतु त्याचा गडद तपकिरी रंग प्रकाश अडवतो, त्यामुळे ते आधी प्रक्रिया करून पातळ करावेच लागते.

काढणीतही सोबत कामी येते: एकेकटी तरंगत राहणारी बारीक क्लोरेला, गुठळ्या करून बसणाऱ्या सीनेडेस्मसच्या काही वाणांबरोबर तळाशी ओढली जाते, आणि पाणी उपसून वेगळे करण्याचा खर्च घटतो.